कॅपिटल, स्मॉल आणि मान डोलावणारं यंत्र

(पोस्ट मोठी आहे. विषय कॉम्प्युटरचा आहे, पण फक्त कॉम्प्युटरवाल्यांचा नाही. सवडीनं वाचा.)

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेदहाच्या सुमारास धरणातून पाणी सोडण्याचं प्रमाण वाढवल्याची बातमी आली. आम्ही लगेच कार्ड केलं आणि ग्रुपवर सोडलं. कार्ड म्हणजे फोटोवर मोठ्या अक्षरात मथळा, तुम्ही रोज बघता तेच. मथळा साधा होता : 'धरणातून विसर्ग वाढला, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.'

दहा मिनिटांत नदीकाठच्या वस्तीतून एका ओळखीच्या काकांचा फोन. म्हणाले, "पत्रकारसाहेब, तुमच्या नावानं कुणीतरी खोटा मेसेज फिरवतंय. बघा जरा."

मी कार्ड उघडून बघितलं आणि कपाळावर हात मारला. 'विसर्ग'चं झालं होतं 'वसिर्‌ग'. पहिली वेलांटी 'व' सोडून 'स'च्या डोक्यावर जाऊन बसलेली. रफार गायब, त्याच्या जागी पाय मोडलेला 'र'. 'काठच्या'चं 'काठच्‌या', 'सतर्क'चं 'सतर्‌क'. असली मोडकी मराठी आपण कुठं बघतो? लॉटरी लागल्याच्या आणि बँक खातं बंद होणार असल्याच्या मेसेजमध्ये. काकांनी तोच अर्थ काढला, आणि त्यांचं काहीच चुकलं नाही. मी स्वतः फोनवर सांगितलं तेव्हा कुठं त्यांनी गोठ्यातल्या दोन म्हशी वर हलवल्या. पहाटे पाणी गोठ्याच्या पायरीला लागलं होतं. वर चढलं नाही, हे नशीब.

नुकसान झालं नाही. पण ज्या एका गोष्टीवर आमचं दुकान चालतं, ती म्हणजे 'यांनी दिलं म्हणजे खरं असणार', तिलाच त्या रात्री तडा गेला.

हे कशामुळं झालं? तर इंग्रजीतल्या कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांमुळं. थट्टा नाही. सविस्तर सांगतो.

पूर्वी आमच्याकडं कार्ड हातानं बनायचं, एक माणूस बसून करायचा. त्या पावसाळ्यात आम्ही ते काम सर्व्हरवर टाकलं. मथळा टाकला की कार्ड आपोआप तयार. सर्व्हर भाड्याचा, त्यावर लिनक्स. हे सगळं बसवून दिलं एका मित्राच्या मुलानं. हुशार पोरगं, पैसेही घेतले नाहीत.

चित्रावर अक्षरं उमटवायला त्यानं 'जीडी' नावाची लायब्ररी वापरली. जुनी आणि नावाजलेली आहे. पण मराठीची एक अडचण असते. इंग्रजी अक्षरं एकापुढं एक ठेवली की शब्द झाला. आपलं तसं नाही. 'वि' लिहिताना कॉम्प्युटरच्या पोटात आधी 'व' असतो, मग वेलांटी. दाखवताना मात्र वेलांटी आधी काढावी लागते. 'र्ग'मधला 'र' उडी मारून 'ग'च्या डोक्यावर न्यावा लागतो. ही उलथापालथ करणारं वेगळं सॉफ्टवेअर असतं. त्यातलं मुख्य आहे 'हार्फबझ', आणि त्याला हाताशी धरून एखाद्या प्रोग्रॅमला हे काम सोपं करून देणारी छोटी लायब्ररी म्हणजे 'राक्म'. अरबीत या शब्दाचा अर्थ लेखन, आकडा. आपली 'रक्कम' त्याच घरातली. जीडीला राक्मची जोड मिळाली तर मराठी नीट उमटते. नाही मिळाली तर 'वसिर्‌ग'.

आता ही जोड द्यायची कशी? लिनक्सवरची बरीच सॉफ्टवेअर मूळ कोडच्या स्वरूपात मिळतात. ती आपल्या मशीनसाठी बांधायची आणि पॅकेज करून बसवायची. याला बिल्ड करणं म्हणतात. गिरणीत दळण टाकण्यासारखं समजा. डबा ठेवताना सांगायचं : भाकरीचं आहे, जरा जाड ठेवा. तसं बिल्ड करण्याआधी पर्याय सांगायचे : हे चालू ठेव, ते बंद ठेव. जीडी बांधताना सांगावं लागतं की 'एनेबल राक्म' चालू. पोरानं सांगितलं. फक्त त्या पर्यायाचं नाव सगळं कॅपिटल अक्षरांत लिहायचं असतं, ते त्यानं स्मॉलमध्ये लिहिलं.

गंमत बघा, ही चूक मी या पोस्टमध्ये तुम्हाला लिहून दाखवूच शकत नाही. बरोबर नाव देवनागरीत लिहिलं तरी 'एनेबल राक्म', चुकीचं लिहिलं तरी 'एनेबल राक्म'. आपल्या लिपीत कॅपिटल-स्मॉल ही भानगडच नाही. आमच्या वेळी पाचवीत इंग्रजी सुरू व्हायचं आणि गुरुजी पहिली एबीसीडी, दुसरी एबीसीडी घोकून घ्यायचे. एकाच अक्षराला दोन रूपं कशाला, हा प्रश्न तेव्हाही पडला होता. कॉम्प्युटरच्या दृष्टीनं मात्र ती दोन रूपं नाहीतच, दोन वेगळी अक्षरं आहेत. कॅपिटलमधलं नाव हा एक माणूस, स्मॉलमधलं हा दुसराच.

पोरगं म्हणालं, "काका, पण मी चालूसाठी 'ऑन' हा शब्द नेहमी स्मॉलमध्येच लिहितो, ते कसं चालतं?" तेही खरंच. जीडी बांधायला त्यानं 'सीमेक' नावाचं साधन वापरलं होतं. या सीमेकमध्ये 'ऑन', 'येस', 'ट्रू' हे शब्द कॅपिटल लिहा की स्मॉल, चालतात. सीमेकच्या आज्ञासुद्धा कशाही लिहिल्या तरी चालतात. पर्यायांची नावं मात्र नाही चालत. म्हणजे एकाच ओळीत बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडं काहीही चालेल आणि डावीकडं एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर नाही चालणार. वर्षभर उजवीकडची सवय लागलेला माणूस डावीकडं घसरणारच.

बरं, चूक झाली तर सीमेकनं काय केलं? थांबलं का? नाही. शेकडो ओळींचा मजकूर स्क्रीनवरून सरकत गेला आणि त्यात एक इशारा आला की तुम्ही दिलेली काही नावं या प्रकल्पानं वापरलेली नाहीत. त्याखाली ते नाव. मग काम पुढं चालू. शेवटी सगळं व्यवस्थित बांधून झालं. "बिल्ड तर यशस्वी झालं होतं ना काका," हे पोराचं म्हणणं अगदी खरं होतं.

त्यानं तपासलंही होतं. 'पावसाचा जोर वाढला' असा मथळा टाकून बघितला आणि तो स्वच्छ उमटला. आता हे वाक्य नीट बघा. एकही जोडाक्षर नाही, एकही पहिली वेलांटी नाही, रफार नाही. म्हणजे मराठीची परीक्षा घ्यायची राहूनच गेली आणि पोरगं पास झालं.

गिरणीवाल्याला आपण 'जाड' म्हणालो, त्याला ते नीट ऐकू आलं नाही, तरी त्यानं मान डोलावली आणि नेहमीसारखं बारीक दळून दिलं. डबा भरलेला, झाकण लावलेलं, पैसे चुकते. कळणार कधी? भाकरी थापायला बसल्यावर.

माझं म्हणणं एवढंच आहे. चूक माणसाकडून होणारच. प्रश्न हा आहे की चूक झाल्यावर यंत्र ओरडतं की मान डोलावतं.

मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस, प्रोग्रॅमर नाही. पण त्या रात्रीनंतर या विषयाच्या मागं लागलो. पोराला शेजारी बसवून एकेक साधन बघितलं. आणि कळलं की लिनक्सच्या जगातही यावर एकमत नाही.

व्हिडिओचं काम करणारं 'एफएफएमपेग' घ्या. त्याला अनोळखी पर्याय दिला की ते तिथंच थांबतं, म्हणतं हा पर्याय मला माहीत नाही, मदत वाचा. 'मेसन' नावाचं नवं साधन आधी नुसता इशारा द्यायचं, आता तेही चूक दाखवून थांबतं. जुनं 'ऑटोकॉन्फ' इशारा देऊन पुढं जातं. रेडहॅटच्या घराण्यातलं पॅकेज बांधताना 'अमुक सोबत' असा पर्याय देता येतो. तिथं नाव चुकलं तर इशाराही नाही. ते चुकीचं नाव यंत्र निमूटपणे लिहून ठेवतं आणि त्याच्याकडं पुन्हा कुणी बघत नाही.

मग वाटलं, हे काय बेजबाबदार लोक आहेत का? तर तसंही नाही. गप्प बसण्यामागं कारण आहे. डेबियन ही लिनक्सची मोठी आणि जुनी शाखा, १९९३ पासूनची. सीडॅकनं आपल्याकडं केलेली 'बॉस' लिनक्स तिच्यावरच आधारलेली आहे. डेबियनच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलंय की पॅकेज बांधताना दिलेल्या सूचनांपैकी जी माहीत नसेल ती सोडून द्यावी. का? कारण एकच सूचना हजारो पॅकेजांना एकदम दिली जाते. त्यातल्या एखाद्याला ती लागू नसेल आणि ते अडून बसलं, तर सगळीच रांग खोळंबेल. ऑटोकॉन्फचंही तेच. मोठ्या प्रकल्पाच्या पोटात छोटे प्रकल्प असतात, सगळ्यांना एकच यादी मिळते, ज्याचं त्यानं उचलायचं.

हे कारण मला पटतं. गावभर दवंडी दिली तर ज्याचा संबंध नाही त्यानं ती सोडून द्यावी, हे ठीकच. पण मी एकट्या गिरणीवाल्यासमोर उभा राहून माझ्या एकट्याच्या डब्याबद्दल सांगतोय, तेव्हा त्यानं ते दवंडीसारखं सोडून देणं ठीक नाही. दोन्ही प्रसंगांना एकच नियम लावला, तिथं घोळ झाला.

काही जण म्हणतील, मग कॅपिटल-स्मॉलचा भेदच काढून टाका. मलाही आधी तेच वाटलं होतं. पण ते दिसतं तितकं सोपं नाही. तुर्की भाषेत टिंबवाला 'आय' आणि बिनटिंबाचा 'आय' ही दोन स्वतंत्र अक्षरं आहेत. तिथं स्मॉल 'आय'चं कॅपिटल केलं तरी डोक्यावर टिंब राहतंच. म्हणजे 'दोन्ही सारखंच धरा' म्हटलं की प्रश्न येतो, कुणाच्या भाषेप्रमाणं सारखं? तुर्की सेटिंगवर चालणारी सॉफ्टवेअर याच कारणानं अडखळल्याची उदाहरणं आहेत. शिवाय काही ठिकाणी हा भेद मुद्दाम वापरलाय. लिनक्सच्या गाभ्यात नेटवर्कच्या फिल्टरचं काम करणाऱ्या काही फाइल जोडीनं आहेत. नाव तेच, एक कॅपिटलमध्ये, एक स्मॉलमध्ये. एक पाकीट ओळखते, दुसरी त्या पाकिटावर कारवाई करते. कॅपिटल-स्मॉल न मानणाऱ्या विंडोजच्या फोल्डरमध्ये तोच कोड उतरवला की या फाइली एकमेकींच्या उरावर बसतात.

तेव्हा भेद राहू दे. माझी तक्रार भेदाबद्दल नाही, मौनाबद्दल आहे.

आणि हे मौन किती महाग पडू शकतं याचं एक उदाहरण साऱ्या जगानं बघितलंय. २०२४ सालच्या मार्चची २९ तारीख. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या मायक्रोसॉफ्टमधल्या अभियंत्यानं जाहीर केलं की 'एक्सझेड' या फाइल आवळण्याच्या साधनात कुणीतरी चोरदरवाजा बसवलाय. त्याला संशय कसा आला? दूरच्या मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागत होता, म्हणून. 'जिया टॅन' या नावानं वावरणाऱ्या कुणीतरी दोन-अडीच वर्षं त्या प्रकल्पात काम करून विश्वास मिळवला आणि मग घात केला. तो माणूस कोण, एक की अनेक, हे आजवर बाहेर आलेलं नाही.

चोरदरवाज्याची बातमी सगळीकडं झाली. तिच्या पोटातली एक छोटी बातमी फार लोकांपर्यंत पोचली नाही. त्याच व्यक्तीनं सीमेकच्या फाइलमध्ये एक टिंब टाकलं होतं. फक्त एक पूर्णविराम. लिनक्समध्ये 'लँडलॉक' नावाचं एक कुंपण आहे, प्रोग्रॅमला ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर जाऊ देत नाही. एक्सझेड बांधताना आधी तपासलं जायचं की या मशीनवर लँडलॉक आहे का. तपासायची पद्धत अशी : कोडचा छोटा तुकडा बांधून बघायचा. बांधला गेला तर आहे, नाही गेला तर नाही. त्या तुकड्यात हे टिंब पडलं. आता तो तुकडा कुठल्याच मशीनवर बांधला जाणं शक्य नव्हतं. मग यंत्रानं निष्कर्ष काढला, इथं लँडलॉक नाही. आणि कुंपणाशिवाय पुढचं काम सुरू. कुणी ओरडलं नाही, कुठं लाल अक्षरं आली नाहीत. बिल्ड यशस्वी.

बहुतेक मोठ्या शाखा एक्सझेड दुसऱ्या पद्धतीनं बांधतात, त्यामुळं या टिंबाचा फटका सगळ्यांना बसला नाही. पण बाब लक्षात घ्या. आमच्या पोराच्या हातून नकळत जे झालं, तेच तिथं कुणीतरी समजून-उमजून केलं. त्याला माहीत होतं की 'सापडलं नाही, सोडून दिलं' या वाक्यावर कुणी मान वर करून बघत नाही. प्रामाणिक चुकीवर गप्प बसणारं यंत्र लबाडीवरही गप्पच बसतं. त्याला दोन्हीतला फरक कळत नाही.

आता तुम्ही विचाराल, याचा आपल्या गावाशी काय संबंध? संबंध आहे. केंद्र सरकारनं २०१५ साली सरकारी कामात ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण आणलं. ते चांगलंच आहे, पैसा वाचतो, कोड उघडा असतो. पण कोड उघडा आहे म्हणून तो बरोबर बांधला गेलाय असं होत नाही. तो कुणीतरी, कुठंतरी, काही पर्याय देऊन बांधलेला असतो. उद्या एखाद्या दाखल्यावर तुमच्या मुलीचं नाव 'प्रियांका'ऐवजी मोडक्या अक्षरात आलं, तर खिडकीवरचा माणूस म्हणणार, "सिस्टीममधूनच असं येतंय." ही सिस्टीम म्हणजे कुणी देव नव्हे. कदाचित एका ओळीत एक अक्षर स्मॉल पडलंय आणि 'यशस्वी' हा शब्द बघून सगळे घरी गेलेत, एवढंच.

आणि यात आपली भाषा जास्त भरडली जाते. इंग्रजीला राक्म लागत नाही, हार्फबझ लागत नाही. तो पर्याय राहिला तर इंग्रजीत काम करणाऱ्याला काहीच दिसत नाही. मराठी, हिंदी, उर्दू, तमिळवाल्यालाच दिसतं, तेही सगळं होऊन गेल्यावर. ज्याला गरज नाही त्याच्या हातात तपासणी आणि ज्याला गरज आहे त्याच्या हातात मोडकं कार्ड, असा हा व्यवहार आहे.

मग करायचं काय? मला चार गोष्टी सुचतात.

एक. पॅकेज बांधणाऱ्यांनी, स्वतःच्या कामापुरतं तरी, अनोळखी पर्यायावर थांबायचं. ऑटोकॉन्फमध्ये तशी सोय आहे, अनोळखी पर्याय आला की काम बंद, असं आधीच सांगून ठेवता येतं. सीमेकमध्ये निदान तो इशारा आला की काम थांबवणारी दोन ओळींची स्क्रिप्ट लिहिता येते. पोरानं ती लिहिली, मी शेजारी बसून बघितली. पाच मिनिटं लागली.

दोन. आपण काय सांगितलं ते बघू नका, काय झालं ते बघा. बांधल्यावर विचारा, यात राक्म आहे का? हो किंवा नाही. पावती बघून समाधान मानू नका, पीठ चिमटीत धरून बघा.

तीन. साधनं बनवणाऱ्यांनी एवढं तरी करावं, की नाव जुळलं नाही पण कॅपिटल-स्मॉल सोडल्यास जुळतंय, असं दिसलं तर 'तुम्हाला हे म्हणायचं होतं का' असं विचारावं. आपण दारात चुकून दुसऱ्याचं नाव घेतलं तर शेजारीण सांगते की नाही, "ते नव्हे, वरच्या मजल्यावर बघा"? तेवढी माणुसकी.

चार. नगरपालिका असो, शाळा असो की आमच्यासारखं छोटं न्यूज पोर्टल, सॉफ्टवेअर ताब्यात घेताना मराठीची परीक्षा घ्या. आणि ती परीक्षा 'पावसाचा जोर वाढला'सारखी सोपी नको.

आमचं चाचणीचं वाक्य आता ठरलंय. काही बदल केला की आधी हे छापून बघायचं : 'ज्ञानी शिक्षिकेने ऱ्हस्व-दीर्घ चुका कुऱ्हाडीने तोडल्या, विसर्ग मात्र ठेवला.' अर्थ लावत बसू नका. ज्ञ, क्ष, रफार, ऱ्ह, पहिली वेलांटी, सगळं एका दमात तपासलं जातं.

पोरावर मी त्या रात्री चिडलो होतो, हे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी त्यानं लॉग उघडून ती ओळ दाखवली. इशारा होता. खरंच होता. फक्त तो कुणाला ऐकू जावा अशी व्यवस्था नव्हती. म्हटलं, अरे, आपल्या कार्डाचंही तेच झालं. इशारा तर आपणही दिला होता.

काका परवा बाजारात भेटले. म्हणाले, "आता मेसेज बरोबर येतात हो तुमचे. पण मी अजून फोन करूनच विचारतो."

त्यांचा तो फोन मला आवडतो. पटलं नाही तर मान डोलावायची नाही, सरळ विचारायचं. हे काकांना जमतं, आपण बनवलेल्या यंत्रांना का जमू नये?

तुमच्याकडं कुठल्या दाखल्यावर, बिलावर, बोर्डावर अशी मोडकी मराठी दिसली असेल तर फोटो कमेंटमध्ये टाका. नावं आणि नंबर झाकून. यादी करू आणि ज्याच्या-त्याच्या दारात नेऊन देऊ.

#मराठी #लिनक्स #आपलंगाव